खाऱ्या पाण्यातली भाऊबंदकी

अमेरिकेच्या आयोवा राज्यात एम्स नावाचं गाव आहे. आजूबाजूला मक्याची शेतं, गावात एक मोठं विद्यापीठ, आणि कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र हजार किलोमीटरच्या पलीकडे. या गावात १९४७ साली क्लिफर्ड आणि कॅथरिन हॅक या नवराबायकोंनी पाण्याचा जडपणा मोजायची एक सुटसुटीत रीत काढली आणि ती विकायला छोटी कंपनी थाटली. रसायनशास्त्राशी फारसा संबंध नसलेल्या माणसालाही जमावी अशी ती रीत होती. पुढे अठरा वर्षांनी, १९६५ मध्ये, त्याच गावातल्या आयोवा स्टेट विद्यापीठातून वेल्मर फॅसल यांनी आर्गॉन वायूच्या धगधगत्या झोतात द्रावणाचे तुषार सोडून त्यातली मूलद्रव्यं ओळखण्याचं तंत्र प्रसिद्ध केलं. पोवळी ना हॅक दांपत्याच्या डोक्यात होती, ना फॅसल यांच्या. पण आज घरात प्रवाळांची टाकी, म्हणजे शौकीन मंडळींचा 'रीफ टँक', सांभाळणाऱ्याच्या कपाटात थेंबांच्या ज्या बाटल्या असतात त्या पहिल्या घराण्यातल्या. आणि प्रयोगशाळेकडून त्याला तीस-चाळीस मूलद्रव्यांचा जो तक्ता येतो तो दुसऱ्या.

या दोन घराण्यांत सध्या जुंपलेली आहे. एक पक्ष म्हणतो, परीक्षानळीतला रंग कार्डाशी ताडून पाहणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. दुसरा म्हणतो, आठवड्याभराने येणारा अहवाल म्हणजे वरातीमागून घोडं. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. पण मागोवा घेत गेलं की हे भांडण भाऊबंदकीचं निघतं. घरच्या किटमधली एकही रीत घरात जन्मलेली नाही. प्रत्येक रीत कधी ना कधी प्रयोगशाळेतली सर्वोत्तम रीत होती. जुनी झाली, स्वस्त झाली आणि लहान बाटलीत मावू लागली, तेव्हा घरी आली.

सुरुवात रंगापासून करायला हवी. १६६४ साली रॉबर्ट बॉइल यांनी रंगांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं, की व्हायोलेट फुलांच्या निळ्या सरबतात आम्ल पडलं तर ते लाल होतं आणि अल्क पडलं तर हिरवं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे आपल्याकडे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतंच. बॉइल यांनी त्याचं परीक्षेत रूपांतर केलं. त्यांनीच पुढच्या दशकात समुद्राच्या खारटपणावर एक निबंध लिहिला. गोड्या पाण्यात मिठाचा अंश आहे का हे ओळखायला ते त्यात चांदी विरघळवलेलं नायट्रिक आम्ल टाकत. मीठ असेल तर पांढरा गढूळपणा येतो. ही चांदी पुढे अडीचशे वर्षं समुद्रशास्त्राची सोबत करणार होती.

समुद्रात मीठ किती, हा प्रश्न तसा सोपा. मिठागरातली माणसं तो रोज सोडवतात. तरंगकाटा पाण्यात सोडायचा आणि 'डिग्री' वाचायची. ही डिग्री अंत्वान बोमे या फ्रेंच औषधविक्रेत्याची, १७६८ सालची. पण समुद्रात काय काय आणि कोणत्या प्रमाणात आहे, हे ठरवायला पाणी आटवून, क्षार वेगळे करून, वजन करत बसावं लागे. १८१९ साली अलेक्झांडर मार्सेट यांनी अटलांटिकपासून चिनी समुद्रापर्यंतचे नमुने तपासून एक विलक्षण गोष्ट सांगितली: पाणी कमीजास्त खारट असेल, पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास एकच असतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याचं पाणी फिकं होतं आणि तांबड्या समुद्राचं तिखट असतं, तरी सोडियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या वाटण्या बदलत नाहीत. हा नियम नीट लक्षात ठेवायला हवा, कारण प्रवाळांच्या टाकीतली सगळी दुखणी तो मोडण्यातूनच सुरू होतात.

नियमाला पक्का पुरावा मिळाला तो 'चॅलेंजर' या इंग्रज जहाजाच्या सफरीतून. १८७२ ते १८७६ अशी साडेतीन वर्षं हे जहाज जगभर फिरलं. जहाजावर जॉन यंग ब्युकॅनन नावाचा रसायनतज्ज्ञ होता. हलत्या जहाजात ज्या गोष्टी ताबडतोब मोजायला हव्यात, म्हणजे पाण्याची घनता आणि त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, त्या तो तिथल्या तिथे मोजी. बाकीचं पाणी बाटल्यांत बंद होऊन ब्रिटनला गेलं. तिथे ग्लासगोत विल्यम डिटमार यांनी त्यातले ७७ नमुने तपासून १८८४ साली अहवाल दिला. मार्सेट यांचं म्हणणं त्यांनी इतक्या बारकाईने सिद्ध केलं, की त्यांचे आकडे आजच्या आकड्यांच्या फार जवळचे आहेत. जे पटकन बदलतं ते जहाजावर, जे टिकतं ते ग्लासगोला: घर आणि प्रयोगशाळा यांची ही पहिली वाटणी दीडशे वर्षांपूर्वीच झाली होती, आणि कोणी कोणाशी भांडलं नव्हतं.

ब्युकॅनन यांचा आणखी एक पराक्रम सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. थॉमस हक्सली यांनी १८६८ साली समुद्रतळाच्या जुन्या, अल्कोहोलमध्ये जपलेल्या गाळात एक चिकट पदार्थ पाहिला आणि त्याला आदिम जीव समजून 'बॅथिबियस' असं नाव दिलं. जीवसृष्टीचा मूळ पुरुष सापडला म्हणून बरीच धामधूम झाली. चॅलेंजरवर ताज्या गाळात मात्र हा जीव कुठेच दिसेना. ब्युकॅनन यांनी शोधून काढलं, की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की त्यातलं कॅल्शियम सल्फेट चिकट साका होऊन खाली बसतं. म्हणजे आदिजीव होता चक्क जिप्सम, आणि तो जन्मला होता नमुन्याच्या बाटलीत. आपण बाटलीत भरून दूर पाठवतो ते पाणी वाटेत आपलं आपण काय काय करत असतं, याचा एवढा झणझणीत दाखला दुसरा नाही. हक्सली यांनी चूक कबूल केली, हे त्यांचं मोठेपण.

पुढे मोजमाप इतकं बारीक झालं की वेगळीच अडचण उभी राहिली: दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील तर खरा कोण? डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेन यांनी त्यावर तोड काढली. ज्याची क्षारता नेमकी ठाऊक आहे असं समुद्रपाणी काचेच्या बंद नळ्यांत भरून कोपनहेगनहून जगभर पाठवायला सुरुवात झाली. १९०१ साली त्यांचे तक्ते आले. प्रत्येकाने आधी ते प्रमाण पाणी तपासायचं, मग आपलं. चांदीचं तेच जुनं द्रावण, पिवळा क्रोमेट दर्शक म्हणून, आणि तांबूस रंग दिसला की थांबायचं. आज चांगल्या किटबरोबर एक छोटी 'रेफरन्स'ची कुपी येते, ती या कोपनहेगनच्या पाण्याची पणती. बहुतेक लोक ती न उघडता ठेवून देतात आणि मग किट खोटं बोलतं म्हणून तक्रार करतात.

आता टाकीकडे येऊ. घरातली मत्स्यटाकी हे मुळात रसायनतज्ज्ञाचंच अपत्य. लंडनचे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली केमिकल सोसायटीपुढे निबंध वाचला: मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ बसला तर पाणी न बदलता टाकी चालते. १८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने विलायतेत टाक्यांचं वेड पसरलं. लंडनकरांच्या दारात समुद्र नव्हता, म्हणून ब्रायटनच्या पाण्याचं झालेलं पृथक्करण समोर ठेवून गॉस यांनी घरी समुद्र बनवायची कृती दिली. साधं मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. बस्स, चारच. कॅल्शियमचा क्षार त्या यादीत नव्हता. समुद्रफुलांसारख्या मऊ जिवांचं त्यावर भागलं. दगडी पोवळं मात्र त्या पाण्यात कशाने घर बांधणार?

तिथून शंभर वर्षं पोवळं हा टाकीतला पाहुणाच राहिला. यायचा, रंग दाखवायचा आणि मरायचा. समुद्राकाठची मत्स्यालयं ताजं पाणी आणू शकत. मुंबईत १९५१ मध्ये उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर समुद्राला खेटून बांधलं गेलं. शहराच्या आत राहणाऱ्याला ती सोय नव्हती. १९६१ च्या सुमारास जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर पोवळी टिकवल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. १९६४ मध्ये अमेरिकेत 'इन्स्टंट ओशन' हे तयार मीठ निघालं. सत्तरच्या दशकात स्वित्झर्लंडचे पेटर विल्केन्स चुन्याची निवळी टाकीत सोडू लागले. हो, आपली साधी चुन्याची निवळीच. बर्लिनच्या श्टूबर आणि त्यांच्या मंडळींनी त्या वाटेने दगडी पोवळं नुसतं जगवलं नाही तर वाढवलं. आणि पोवळं वाढू लागताच मार्सेट यांचा नियम टाकीत मोडला.

कसा, ते पाहा. पोवळं पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचतं. सोडियमला ते हात लावत नाही, क्लोराइडलाही नाही. खुल्या समुद्रात पाण्याचा साठा इतका अफाट, की या उचलीने प्रमाण ढळत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत ढळतं, तेही दिवसागणिक. अशा पाण्याची क्षारता अगदी ३५ असेल, तरंगकाटा सगळं ठीक म्हणून सांगेल, आणि पोवळ्याचं टोक पांढरं पडत असेल. समुद्रशास्त्रज्ञाला एका क्लोराइडच्या आकड्यावरून बाकीचे आकडे काढता येतात. टाकीवाल्याला ती चैन नाही. त्याला एकेक गोष्ट वेगळी मोजावी लागते. घरच्या किटची गरज जन्मली ती इथे.

किटला लागणाऱ्या रीती तोवर तयार होत्या. स्कॉटलंडच्या थॉमस क्लार्क यांनी १८४० च्या दशकात पाण्याचा जडपणा साबणाने मोजला होता: बाटलीत साबणाचं द्रावण थोडं थोडं घालत हलवायचं आणि फेस टिकला की किती साबण गेला ते पाहायचं. जर्मनांनी आपली वेगळी डिग्री ठरवली, एका लिटरमध्ये दहा मिलिग्रॅम चुना. ही डिग्री खरं म्हणजे बॉयलर आणि धुलाईसाठी होती. पण टाक्यांचा शौक जर्मनीत फोफावला आणि त्याबरोबर ती चिकटली. आज ठाण्यातला असो की टेक्सासमधला, टाकीवाला अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, सांगतो ती जर्मन डिग्रीत: "माझा केएच आठ आहे." नैसर्गिक समुद्राचा सुमारे साडेसहा-सात असतो.

केएचची ही परीक्षा जवळून पाहण्यासारखी आहे. परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि दर्शकाचे दोन-चार थेंब टाकायचे. पाणी निळंशार होतं. मग पिचकारीत आम्ल भरून एकेक थेंब सोडायचा आणि दर थेंबाला नळी हलवायची. पहिले बरेच थेंब काहीच घडत नाही. पाण्यातलं बायकार्बोनेट येणारं आम्ल गिळत असतं. मग थेंब पडतो तिथे क्षणभर तांबूस धागा दिसून विरतो. पुढच्या थेंबाला धागा रेंगाळतो, पाणी हिरवट राखी होतं. आणि आणखी एका थेंबात सगळी नळी एकदम नारिंगी होते. बायकार्बोनेट संपलं. किती आम्ल गेलं त्यावरून केएच. ज्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री, तिथे साडेसात आणि आठ यांतला फरक कळणार नाही. बारीक खुणांच्या पिचकारीने कळतो. ही सगळी करामत, म्हणजे माहीत असलेलं द्रावण रंग पालटेपर्यंत ओतायचं आणि ओतलेलं मोजायचं, फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी कापड धुवट करणाऱ्या रसायनांची ताकद तपासायला सुरू झाली, गे-ल्युसाक यांनी ती चांदीच्या टांकसाळीत नेली आणि जर्मनीच्या मोर यांनी १८५० च्या दशकात तिचं शास्त्र बसवलं.

कॅल्शियमसाठी मात्र विसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं. झुरिकमधील गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४५-४६ च्या सुमारास दाखवलं, की इडीटीए नावाचं संयुग धातूच्या अणूला सगळ्या बाजूंनी कवटाळून धरतं, आणि त्यावरून कॅल्शियम-मॅग्नेशियम थेट मोजता येतात. क्लार्क यांचा साबण एका फटक्यात निवृत्त झाला. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम कॅल्शियमच्या तिप्पट, लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम सव्वाचारशेच्या आत. म्हणून किटमधली पहिली बाटली तीव्र अल्काची असते. ती पडली की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बाजूला होतं, नळीत किंचित धुरकट दिसतं ते तेच. मग दर्शकाने गुलाबी झालेलं पाणी इडीटीएच्या थेंबांनी निळं होतं. थेंब घाईघाईने टाकले तर आकडा चुकतो. एवढं नाजूक काम एकेकाळी पदवीच्या प्रात्यक्षिकात होतं, आता शाळकरी मुलंही करतात.

हॅक दांपत्याचं श्रेय इथेच. त्यांनी नवं रसायन शोधलं नाही. त्यांनी ते मोजून पुड्यांत आणि थेंबांत बांधलं. विज्ञानाच्या इतिहासात अशा माणसांना दोन ओळी मिळतात. माझ्या मते त्यांना जास्त मिळायला हव्यात.

नायट्रोजनच्या परीक्षांचा वंश आणखी गमतीचा. अमोनियासाठी कार्ल्सरूहेच्या युलियुस नेसलर यांचं १८५६ सालचं पाऱ्याचं द्रावण बरीच वर्षं चाललं. पारा विषारी आणि द्रावण समुद्राच्या पाण्यात साका धरणारं, म्हणून ते मागे पडलं. नायट्राइटची गुलाबी परीक्षा पेटर ग्रीस यांची, १८७९ ची. हे ग्रीस पोटापाण्याला इंग्लंडच्या बर्टन गावातल्या बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. त्यांच्या अभिक्रियेवर पुढे रंगांचा अख्खा उद्योग उभा राहिला आणि एक लहान फांदी टाकीवाल्यांकडे आली. नायट्रेट मोजायचं तर आधी जस्त किंवा कॅडमियमने त्याचं नायट्राइट करायचं आणि मग ग्रीस यांना बोलवायचं. काही किटमधली दुसरी बाटली जोरजोरात हलवा अशी सक्त सूचना असते, ती तळाशी बसणाऱ्या पुडीसाठी. सूचना पाळली नाही की नायट्रेट 'शून्य' येतं आणि माणूस खूश होतो.

फॉस्फेटचा निळा रंग लिव्हरपूलच्या मर्फी आणि रायली यांचा, १९६२ सालचा. समुद्रशास्त्रज्ञांनी आपल्या कामासाठी काढलेली ही रीत जगभरच्या संशोधन जहाजांवर गेली. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, आणि तिच्यातूनच १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. अशा संस्थांची मंडळी आजही नायट्रेट-फॉस्फेट होता होईतो जहाजावरच मोजतात, कारण बाटलीतले सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात. रंगाची गडदता डोळ्याऐवजी प्रकाशाने मोजणारं खिशातलं यंत्र आलं आणि फॉस्फेटच्या परीक्षेतला मोठा दोष गेला. टाकीवरच्या निळ्या दिव्याखाली कार्डाचे रंग ताडून पाहणाऱ्यांचे आकडे कसे यायचे, ते न बोललेलं बरं.

आता दुसरी शाखा. तिचाही उगम पाण्याच्याच नमुन्यात आहे. हायडेलबर्गच्या बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी दाखवलं, की ज्योतीत धरलेलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रंगरेषा सोडतं. १८६० साली ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात त्यांना दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. सीझियम सापडलं. हातात धरण्याएवढं मिळवायला बुन्सेन यांना सुमारे ४४ हजार लिटर पाणी आटवावं लागलं. ज्योत ते एका थेंबात ओळखत होती.

अडचण एवढीच, की साध्या ज्योतीत बरीच मूलद्रव्यं पुरेशी पेटत नाहीत. इंग्लंडमध्ये स्टॅन्ली ग्रीनफील्ड यांनी १९६४ मध्ये आणि एम्समध्ये फॅसल यांनी वर्षभराने त्यावर उपाय केला. एकात एक अशा तीन क्वार्ट्‌झच्या नळ्या, भोवती तांब्याचं वेटोळं, वेटोळ्यात रेडिओच्या कंपनांची वीज. नळीतून मिनिटाला पंधरा लिटरच्या आसपास आर्गॉन वाहतो आणि ठिणगी पडताच त्याचा प्लाझ्मा होतो, सहा ते दहा हजार अंशांचा. मधल्या नळीतून पाण्याचं धुकं सोडलं की पांढरट निळ्या झोताच्या मधोमध सोडियमची पिवळी-नारिंगी जिभली उमटते. बाकी सगळ्यांच्या रेषा त्या उजेडात दडलेल्या असतात. यंत्र त्या एकेक करून वाचतं. १९८० मध्ये एम्सच्याच सॅम हाउक, फॅसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच झोताला वस्तुमान-वर्णपटमापक जोडला आणि मोजणी अब्जांशाच्याही खाली उतरली.

ही यंत्रं खाणी, पोलाद आणि सांडपाणी यांसाठी होती. टाकीवाल्यांचा त्यांच्याशी संबंध यायला शतक संपावं लागलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या रॉन शिमेक यांनी शौकिनांच्या टाक्यांतलं पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं, आणि कित्येक धातू समुद्रापेक्षा भलतेच जास्त निघाले. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले, पण किटला जे दिसतच नाही त्याबद्दलची झोप उडाली. मग २०१३ च्या आसपास जर्मनीतल्या 'ट्रायटन'ने हीच तपासणी टपालाने उपलब्ध केली: नळी भरा, पाकिटात घाला, अहवाल पडद्यावर. पाठोपाठ जर्मनी, ऑस्ट्रिया आणि अमेरिकेत इतर प्रयोगशाळा आल्या.

अहवालाची खरी किंमत कशात आहे? पंपातल्या गंजलेल्या स्क्रूतून येणारं लोखंड आणि जस्त, नळाच्या जोडातलं तांबं, मऊ प्लॅस्टिकमधलं कथील, गाळणीच्या सिरॅमिकमधून सुटणारं ॲल्युमिनियम, हे नेहमीची थेंबकिटं सांगणार नाहीत. पोवळं महिनोन्‌महिने उदास राहतं, सगळे आकडे ठीक असतात, आणि तक्त्यात कथिलासमोर लाल खूण दिसते. तिथे प्रयोगशाळेला पर्याय नाही. उलट बाजूही आहे. हे यंत्र फॉस्फरस मोजतं, फॉस्फेट नव्हे. सेंद्रिय काय आणि असेंद्रिय काय, दोन्ही झोतात जळून एक होतात. नायट्रोजन तर भोवतालच्या हवेतच भरलेला, म्हणून नायट्रेटसाठी प्रयोगशाळेलाही वेगळी रीत वापरावी लागते, आणि केएचसाठी शेवटी थेंबच मोजावे लागतात. समुद्राचं पाणी इतकं खारट, की यंत्राची बारीक तोटी तुंबू नये म्हणून ते पातळ करतात, आणि आधीच सूक्ष्म असलेलं मूलद्रव्य आणखी सूक्ष्म होतं. मोजणीच्या तळाशी असलेल्या आकड्यावर विसंबून रोज आयोडीनचे थेंब घालणारे पाहिले की हक्सली यांचा बाटलीतला आदिजीव आठवतो.

वाढत्या टाकीत केएच दिवसात एक-दीड डिग्री उतरू शकतो. अल्कतेचं द्रावण सोडणारा पंप एक रात्र बंद पडला तर सकाळी पोवळ्यांची कातडी सुटलेली असू शकते. टपालातली नळी तेव्हा कुठल्यातरी विमानतळावर असते. स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम मात्र आठवड्याभरात कुठे पळून जात नाही. म्हणजे वाटणी अचूकतेची नाही, वेगाची आहे, आणि ती चॅलेंजरवर ठरली तीच आहे. केएच घरी, जमेल तर एक दिवसाआड. कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेट घरी, आठवड्याला. धातूंसाठी प्रयोगशाळा, वर्षातून तीन-चारदा. नवं मीठ किंवा नवं उपकरण घेतल्यावर आणि कारण न सापडणारं दुखणं आल्यावर आवर्जून. 'पाणी उत्तम' असं प्रशस्तिपत्र मिळावं म्हणून दर पंधरवड्याला पैसे घालवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक वेगळी सूचना. भारतीय समुद्रातल्या दगडी पोवळ्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण मिळालेलं आहे. मालवणच्या खडकावरचा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे, पाणी कितीही नीट तपासलं तरी. टाकी ठेवायचीच असेल तर कायदेशीर मार्गाने आलेल्या, कागदपत्रं असलेल्या जिवांचीच ठेवा.

आणि प्रयोगशाळेची नळी भराल तेव्हा त्याच पाण्याची घरी लगेच परीक्षा घ्या. केएच, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे आकडे तारखेसह वहीत लिहा, किटची रेफरन्स कुपी त्याच दिवशी उघडून तीही तपासा, आणि अहवाल आला की दोन्ही शेजारी ठेवा. फरक नेहमी एकाच दिशेने येत असेल तर किट बदला. कधी वर कधी खाली येत असेल तर थेंब टाकायचा हात सावकाश करा.